आपल्या नावाची फाईल

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आत होत्या आणि आम्ही पुरुषमंडळी बाहेर ओसरीवर चहा घेत बसलो होतो. असीरगडाच्या पायथ्याशी ज्यांची शेती आहे असे आपले एक सभासद जवळ येऊन बसले. "साहेब, तुम्ही बँकेत होतात, कागद तुम्हाला कळतात. जरा हे बघा," म्हणाले, आणि मोबाईल पुढे केला.

त्यांचा मुलगा पुण्यात एका कंपनीत सात वर्षे नोकरीला आहे. होता म्हणावे की आहे म्हणावे, हाच प्रश्न. डिसेंबरअखेर त्याला एका खोलीत बोलावून सांगण्यात आले की तुझे काम समाधानकारक नाही, तासाभरात राजीनामा दे, नाहीतर काढल्याचे पत्र देऊ आणि मग पुढे कोणी घेणार नाही. घाबरून त्याने 'वैयक्तिक कारणास्तव' असा एका ओळीचा राजीनामा मेलवर पाठवला, महिन्याची मुदत ठेवून. लॅपटॉप तिथेच जमा करून घेतला. सात वर्षांची वार्षिक मूल्यमापने, पगारवाढीची पत्रे, ग्राहकांनी पाठवलेले शाबासकीचे मेल, सगळे त्या लॅपटॉपात आणि कंपनीच्या मेलवर. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, काम कुठे कमी पडले ते तरी दाखवा. उत्तर आले, ती अंतर्गत बाब आहे.

ज्याच्याविषयी लिहिले आहे त्यालाच न दाखवण्याजोगी ही कसली अंतर्गत बाब? यावर त्या रात्री आम्ही बराच वेळ विचार केला, कारण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आम्हीही बसलेलो आहोत. शाखेत असताना आम्ही हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल लिहिले. बंद पाकिटातून ते विभागीय कार्यालयात जात. प्रतिकूल शेरा असेल तरच माणसाला कळवायचा, बाकी काही नाही, अशी रीत होती. 'चांगला' असा शेरा दिला तर आपण त्याचे भले केले असे वाटायचे. पण बढतीसाठी 'अतिशय चांगला' हवा असेल तर तोच 'चांगला' शेरा माणसाला खाली बसवतो, आणि आपण का बसलो हे त्याला कधीच कळत नाही.

नेमके याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २००८मध्ये देव दत्त यांच्या खटल्यात निकाल दिला. ते सीमा रस्ते संघटनेत अभियंता होते. १९९३-९४ सालचा त्यांचा शेरा 'चांगला' होता, बढतीचा निकष त्याहून वरचा होता, आणि हा शेरा त्यांना कोणी कळवलेला नव्हता. न्यायालयाने सांगितले की सरकारी नोकराच्या अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, त्याला वाजवी वेळेत कळवली पाहिजे, म्हणजे त्याला दाद मागता येईल. २०१३मध्ये सुखदेव सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. सेवापुस्तिकेचा नियम तर त्याहून जुना आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयप्रमुखाने ती दरवर्षी कर्मचाऱ्याला दाखवून पाहिल्याची सही घ्यायची असते. किती कार्यालयांत हे होते, ते आपल्यातले निवृत्त सभासद आपापल्या अनुभवाने सांगतील.

पण हे सगळे सरकारी, निमसरकारी नोकरांचे झाले. त्यांना माहिती अधिकारही आहे. दहा रुपये भरावेत, स्वतःच्या सेवानोंदी मागाव्यात, तीस दिवसांत उत्तर मिळावे. आपल्या जिल्ह्यातली नेपानगरची नेपा मिल किंवा २०२०च्या टाळेबंदीपासून बंद पडलेली बऱ्हाणपूरची ताप्ती मिल, दोन्ही सरकारी मालकीच्या. तिथल्या कामगाराची कुठे तरी फाईल आहे आणि ती मागण्याची वाट आहे. त्याच बऱ्हाणपुरात पॉवरलूमवर वीस वर्षे कापड विणणाऱ्या माणसाकडे मात्र बहुतेक वेळा नेमणुकीचे पत्र नाही, हजेरीची पावती नाही, पगाराची चिठ्ठी नाही. त्याला उद्या 'येऊ नकोस' म्हटले तर तो कोर्टात काय दाखवणार? पुण्यातल्या लॅपटॉपवाल्या मुलाचे आणि शनवाऱ्याकडून सायकलीवर कारखान्यात जाणाऱ्या विणकराचे दुखणे एकच आहे. दोघांचीही नोंद दुसऱ्याच्या कपाटात आहे.

कोर्टात याची किंमत कशी मोजावी लागते तेही सांगतो. कामगाराला कपातीच्या नावाखाली काढायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो, हा १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यापासूनचा नियम. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेले असावे लागते. हे २४० दिवस सिद्ध कोणी करायचे? सर्वोच्च न्यायालय म्हणते, पहिला भार कामगारावर. नुसते प्रतिज्ञापत्र पुरत नाही. मग २००५च्या यल्लट्टी निकालात न्यायालयाने थोडी वाट मोकळी केली. कामगाराने साक्षीला उभे राहावे आणि मालकाकडे हजेरीपट, नेमणूकपत्र, पगारपत्रक मागावे. मालक ते आणू शकत असून आणत नसेल, तर त्यावरून काय अर्थ काढायचा हे कोर्ट ठरवील. म्हणजे कागद मागणे हासुद्धा पुराव्याचाच एक भाग आहे. बरेच लोक तेवढेही करत नाहीत. "ते थोडेच देणार आहेत," म्हणून मागतच नाहीत.

मागणाऱ्या आणि उत्तर देणाऱ्या माणसाचे काय होते, याचे एक उदाहरण आपल्या मराठी मुलखातलेच आहे, आणि आमच्या मते प्रत्येक नोकरदार घराने ते माहीत करून घ्यावे. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) एका खाजगी प्राथमिक शाळेत दीपाली सुरवसे या शिक्षिका होत्या. महापालिकेने शाळेच्या इमारतीवर व्यावसायिक दराने कर लावला. २००५मध्ये संस्थेने शिक्षकांना पत्र काढले की करापोटी प्रत्येकाने दरमहा १५०० रुपये द्यावेत. शिक्षकांनी नकार दिला. मग मेमो सुरू झाले. एक नाही, दोन नाही, पंचवीस! प्रत्येक मेमोला उत्तर गेले. पगार थांबला, नोव्हेंबर २००६मध्ये निलंबन झाले. शिक्षणाधिकाऱ्यांनी निलंबन मान्य केले नाही आणि कामावर घ्या असे कळवले, तरी संस्थेने ऐकले नाही. एकतर्फी चौकशी झाली आणि १५ जून २००७ला नोकरी गेली.

महाराष्ट्रात खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली शाळा न्यायाधिकरण आहे. त्याने जून २००९मध्ये बडतर्फी रद्द करून पूर्ण मागील वेतन दिले. उच्च न्यायालयाने २०११मध्ये नोकरी राखली, पण मागील वेतन काढून घेतले. शेवटी १२ ऑगस्ट २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा आदेश पुन्हा कायम केला. न्यायमूर्ती सिंघवी यांच्या त्या निकालाचे सार असे की बेकायदा काढलेल्या माणसाला मागील वेतनासह कामावर घेणे हा सर्वसाधारण नियम आहे. मधल्या काळात आपण दुसरीकडे कमावत नव्हतो एवढे कर्मचाऱ्याने सांगावे. तो कमावत होता असे मालकाचे म्हणणे असेल तर ते मालकाने सिद्ध करावे. आज देशभरातली कामगार न्यायालये याच निकालाच्या आधाराने मागील वेतन देतात.

आमचे लक्ष मात्र त्या पंचवीस उत्तरांकडे जाते. मेमो देणाऱ्याला वाटते आपण फाईल जाड करतो आहोत. प्रत्येक मेमोमागे उत्तर लागले की ती फाईल दोघांची होते.

पण हीच शिक्षिका बऱ्हाणपूर किंवा खंडव्यात असती तर? महाराष्ट्राचा १९७७चा कायदा रावेर-अंतुर्लीपर्यंत येऊन थांबतो. आणि औद्योगिक विवाद कायद्यात शिक्षक 'कामगार' नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्येच गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या, सुंदरांबल यांच्या, खटल्यात ठरवून टाकले आहे. आपल्या समाजातल्या किती तरी लेकीसुना इथल्या खाजगी शाळांत शिकवतात. पगाराच्या पावतीवर एक रक्कम आणि हातात दुसरी, असे प्रकार आपण सगळे ऐकतो. त्यांच्यासाठी लढाई जास्त कठीण आहे, हे गोड शब्दांत सांगून उपयोग नाही.

आता सध्याच्या बदलांकडे येतो. २१ नोव्हेंबर २०२५पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आणि औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. वर्तमानपत्रांत मुख्यतः एकच बातमी गाजली, की तीनशेपर्यंत कामगार असलेल्या कारखान्यांना कपातीसाठी सरकारची परवानगी लागणार नाही. पूर्वी ही मर्यादा शंभर होती. लेखी स्थायी आदेशांचे बंधनही शंभरावरून तीनशेवर गेले. हे नुकसान मोठे आहे, कारण लहान कारखान्यात शिस्तभंगाची रीत, निलंबन, सेवेचा दाखला या गोष्टी त्या स्थायी आदेशांतूनच येत असत. दुसरा बदल कमी बोलला गेला. काढलेल्या कामगाराला स्वतः न्यायाधिकरणात जायला पूर्वी तीन वर्षे होती, आता दोनच आहेत. आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, पंचेचाळीस दिवसांत तोडगा नाही निघाला तर थेट न्यायाधिकरण. दोन वर्षे फार वाटतात, पण नवीन नोकरी शोधण्यात आणि 'बघू' म्हणण्यात ती कधी जातात कळत नाही. कर्जाच्या वसुलीत मुदत टळलेली प्रकरणे आम्ही इतकी पाहिली आहेत की या बाबतीत आम्ही जरा हट्टी आहोत.

चांगलेही काही आले आहे. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे आता सक्तीचे आहे, आणि जुन्यांना दिलेले नसेल तर संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचे आहे. बऱ्हाणपूरच्या पॉवरलूमवाल्यांनी हे वाचले आहे का, कोण जाणे. पगाराची चिठ्ठी सक्तीची. नोकरी संपली, मग ती काढल्याने असो वा राजीनाम्याने, तर दोन कामकाजाच्या दिवसांत पगाराचा हिशेब चुकता करायचा. महिना दीड महिना 'फुल अँड फायनल' अडकवून त्या बदल्यात नको त्या कागदावर सही घेण्याची जी पद्धत पडली आहे, तिला याने चाप बसायला हवा.

आयटीवाल्या मुलांचा प्रश्न वेगळा. आम्ही कामगार आहोत का? टाटा कन्सल्टन्सीने जुलै २०२५मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा पुण्यातल्या 'नाइट्स' या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे धाव घेतली आणि सक्तीने राजीनामे घेतले जात असल्याचा आरोप केला. कंपनीने तो नाकारला. संहितेत व्यवस्थापकीय काम करणारे, आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक पगाराचे पर्यवेक्षक वगळले आहेत. पण पत्रावर 'मॅनेजर' लिहिले म्हणून कोणी मॅनेजर होत नाही. माणूस प्रत्यक्षात काय काम करतो ते कोर्ट बघते. हाताखाली कोणी नसलेले 'असिस्टंट मॅनेजर' आमच्या ओळखीतच चार आहेत. कामगार ठरला तर पुन्हा नोकरीवर घेण्याचा हुकूम मिळू शकतो. नाही ठरला तर खाजगी नोकरीत साधारणपणे फक्त नुकसानभरपाईचा दावा उरतो.

मग फाईल बघायचा हक्क? अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, जिथे आपल्या काही घरांची मुले आहेत, कर्मचाऱ्याने लेखी मागितल्यावर मालकाला तीस दिवसांत त्याची फाईल दाखवावी लागते. युरोपात माहिती संरक्षण कायद्याखाली आपल्याविषयीची माहिती साधारण महिनाभरात आणि फुकट मिळते. आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. आम्ही मोठ्या आशेने तो वाचायला घेतला. आपल्याविषयीची माहिती मागण्याचा हक्क त्यात आहे, मात्र तो नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होणार. शिवाय हा हक्क संमती घेऊन गोळा केलेल्या माहितीपुरता आहे. आणि दुसऱ्या एका कलमात म्हटले आहे की नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीची गरजच नाही! आमच्या वाचनाप्रमाणे याचा अर्थ असा होतो की ज्या फाईलवर माणसाची भाकरी अवलंबून, नेमकी तीच या हक्काबाहेर राहू शकते. वकील मंडळींनी आम्हाला चूक ठरवले तर आनंदच होईल.

त्याच कायद्याने माहिती अधिकारातही बदल केला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२मध्ये गिरीश देशपांडे खटल्यात म्हटले होते की एखाद्या अधिकाऱ्याचे मेमो, शिक्षा, मालमत्तेचे तपशील ही त्याची वैयक्तिक बाब आहे, व्यापक जनहित असल्याखेरीज तिसऱ्याला मिळणार नाही. ते प्रकरण अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातील, पुढे मध्य प्रदेशात गेलेल्या एका अधिकाऱ्याविषयी होते. आता त्या कलमातील जनहिताची अटही गेली आहे, ती फक्त दुसऱ्या एका सर्वसाधारण कलमात उरली आहे. दुसऱ्याची फाईल मागण्याची उठाठेव आम्हाला फारशी आवडत नाही. पण बढतीत आपल्याला डावलून ज्याला घेतले त्याचे गुण काय होते, हे विचारण्याची वाट याने अरुंद झाली.

असीरगडाचा एक जुना किस्सा इथे आठवतो. १८१९च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी गड घेतला तेव्हा शिंद्यांचे किल्लेदार यशवंतराव लाड होते. गड इंग्रजांच्या हवाली करा, असा दौलतराव शिंद्यांचा उघड हुकूम होता, आणि किल्लेदार तो मानत नव्हते. गड पडल्यावर कागदांत दौलतरावांचेच एक पत्र सापडले. पेशवे सांगतील तसे वागावे, असे त्यात किल्लेदारांना कळवलेले होते. या कागदावर बोट ठेवून इंग्रजांनी गड कायमचा ठेवून घेतला. म्हणजे मालकाचा तोंडी, उघड पवित्रा एक आणि हातात दिलेला कागद दुसरा. आणि चाकराने तो जपून ठेवला होता.

हाच मामला उलट्या अंगाने दोनशे वर्षांनी कोकण रेल्वेत घडला. तेवीस वर्षे नोकरी झालेल्या एका कर्मचाऱ्याने डिसेंबर २०१३मध्ये राजीनामा दिला. नंतर त्याला पुन्हा कामावर बोलावले गेले, तो गेलाही, आणि मे २०१४मध्ये त्याने राजीनामा मागे घेतला. रेल्वे म्हणाली, आम्ही तो एप्रिलमध्येच मंजूर केला होता, हे पत्र बघा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये सांगितले की ते पत्र अंतर्गत होते, कर्मचाऱ्याला मिळाल्याचा पुरावा नाही. राजीनामा वेळेत मागे घेतला गेला असे धरून त्याला कामावर घेण्याचा आणि मधल्या काळाचा निम्मा पगार देण्याचा आदेश झाला. फाईलमध्ये ठेवलेला हुकूम, कळवला नाही तोवर हुकूम नव्हे.

हा निकाल आम्ही त्या सभासदांना वाचून दाखवला. कोकण रेल्वे सरकारी, मुलाची कंपनी खाजगी, हा फरक आहे हेही सांगितले. पण मुदत संपायला तेव्हा नऊ दिवस बाकी होते आणि राजीनामा मंजूर झाल्याचे पत्र आलेले नव्हते. मुलाला फोन लावला. दबावाखाली दिलेला राजीनामा मागे घेतो, आणि माझ्या सातही वर्षांच्या मूल्यमापनाच्या प्रती द्या, असे दोन परिच्छेद लिहून घेतले. मेल स्वतःच्या खाजगी पत्त्यावरून, आणि सोबत कागदावर, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने. (रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झाले, याची हळहळ पोस्टातल्या मित्रांसोबत आम्हालाही आहे.) तोंडी काय बोलणे झाले, कोणत्या खोलीत, किती वाजता, कोण हजर होते, हे आठवते तोवर वहीत लिहून ठेवायला सांगितले.

कंपनीच्या कपाटाबाहेर जे काही आहे ते गोळा करायचे ठरले. भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, त्यात दर महिन्याचा भरणा. आयकराचे फॉर्म २६एएस. आणि बँकेचा उतारा. शाखेने प्रमाणित केलेला उतारा १८९१च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याखाली पुरावा म्हणून चालतो, मूळ वही कोर्टात न्यावी लागत नाही. पॉवरलूमवरच्या माणसाचा पगार रोखीऐवजी खात्यात जमा होऊ लागला तर त्याच्या २४० दिवसांचे अर्धे काम त्यातच होईल, हे आम्ही लालबागच्या दोन कारखानदारांना बोललोही. एक हसले, एक विचार करतो म्हणाले.

परवा त्यांचा फोन आला. कंपनीचे उत्तर अजून नाही, पोचपावती मात्र परत आली आहे, शिक्क्यासह. मुलगा पुण्यात बँकेच्या शाखेत उतारा घ्यायला गेला होता. काउंटरवरच्या मुलीने विचारले, "सगळ्या सात वर्षांचा?" तो म्हणाला, "हो, पहिल्या पगारापासून."